वरच्या खोलीतलं यंत्र

नांदुरा
२ डिसेंबर २०२४

ती. गोपाळमामा,

सोहमचं तेरावं झाल्यावर लगेच तुमचं पत्र आलं होतं. उत्तर आज लिहिते आहे. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मामी मधे बसून सांगतात, त्यात निम्मं त्यांच्याजवळच राहतं. सोहम म्हणायचा, मामांना पत्रच आवडतं, म्हणून पत्रच लिहिते.

इथे ठीक आहे. अण्णा सकाळी स्टेशनापर्यंत फिरून येतात, पेपर वाचतात, जेवतात. सून म्हणून माझ्याकडून त्यांना काही हवं असेल तर ते मागत नाहीत. मी दिवसभर समोरच्या खोलीत सोहमच्या टेबलापाशी असते.

तुम्ही विचारलंत, त्याच्या कामाचं पुढे काय. ती यंत्रं तुम्ही पाहिली आहेत, एक तुमच्याकडेच आहे. तळहाताएवढी पाटी, तिच्यावर एक चिप, चिपवर पंखा, पुढे काड्यापेटीएवढा पडदा. नातेवाईक मला अजून विचारतात की हे करतं काय. जगभरातली अशी यंत्रं सतत एक आकडा शोधत असतात, ज्याच्या यंत्राला तो सापडेल त्याला बिटकॉइन मिळतं. मोठ्या लोकांची यंत्रं गोदामं भरून असतात. त्यांच्यापुढे आपलं एक यंत्र म्हणजे लॉटरीचं एक तिकीट. सोहम विकण्याआधी प्रत्येकाला सांगायचा, "यातून काही मिळेल म्हणून घेऊ नका. हौस असेल, शिकायचं असेल तर घ्या." तरी लोक घेत होते. त्याचं सरळ बोलणं लोकांना आवडायचं असं मला वाटतं.

तो दवाखान्यात गेला तेव्हा टेबलावर काही यंत्रं अर्धवट होती. ती मी पूर्ण केली. चिप बसवायचं काम पहिल्यापासून माझंच होतं. त्याचा हात थरथरायचा, माझा थरथरत नाही. पार्सलं पाठवली. गिऱ्हाइकांचे मेल येतात. पंखा घरघरतो, वायफाय बदललं, पडदा उलटा दिसतो. त्यांना उत्तरं देते. बरेचजण अजून 'सोहमसर' म्हणून लिहितात. सुरुवातीला मी प्रत्येकाला कळवत होते. मग ते लोक हळहळायचे, आणि पंख्याचं राहूनच जायचं. आता पंख्याचं लिहिते आणि खाली माझं नाव लिहिते.

त्याच्या लॅपटॉपवर एक पान आहे. विकलेल्या प्रत्येक यंत्राचं नाव तिथे दिसतं. चालू असेल तर पुढे हिरवा ठिपका, बंद असेल तर राखाडी. गिऱ्हाइकाची तक्रार यायच्या आधीच कळावं म्हणून त्याने ते केलं होतं. सकाळी उठल्यावर मी आधी ते पान उघडते.

मामींच्या गुडघ्यांना थंडीचा त्रास होत असेल. त्यांना नमस्कार.

श्रद्धा


शेगाव
७ डिसेंबर २०२४

चि. श्रद्धा,

पत्र पोचलं. शकुंतलेला मोठ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज मला ऐकू येत नसल्याने तो किती मोठा होतो ते कळत नाही, शेजारच्या मोतीरामनेही ऐकलं असावं.

पाकिटावर सवयीने 'सौ.' लिहिलं गेलं. खोडायला मन झालं नाही. तसंच टाकतो आहे, मनावर घेऊ नको.

तू काम हातात घेतलंस हे बरं केलंस. धीराची आहेस. माझी बहीण गेली तेव्हा सोहम शाळेत होता. तेव्हाही घरात कोणी तरी असं काम हातात घेणारं हवं होतं, ते नव्हतं. पुढे इंजिनिअरिंगला तो इथेच आमच्याकडे, वरच्या खोलीत राहिला. खाली माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट. मुलं घरी गेली की हा एकेक मशीन खोलून बसायचा. सकाळी 'र' उमटायचा नाही, कधी 'क' अडकायचा. मी ओरडायचो, पण संध्याकाळपर्यंत ती मशीन पहिल्यापेक्षा हलकी चालायची.

यंत्र व्यवस्थित आहे. उन्हाळ्यात आला तेव्हा त्यानेच वरच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर लावून दिलं. माझ्याशी बोलायच्या पाटीवर लिहिलं, "मामा, याच्या पंख्याची तक्रार न करणारं गिऱ्हाईक मले पहिल्यांदा भेटलं." शकुंतला गुडघ्यांमुळे जिना चढत नाही. मीच संध्याकाळी वर जाऊन बसतो. तेवढाच वेळ जातो.

एक विचारतो, म्हातारा माणूस आहे म्हणून. तुझ्या पत्रात पंखा आहे, पार्सल आहे, अण्णा आहेत. सोहमबद्दल आहे ते सगळं कामाचं. तू रडतेस की नाही?

तुझा
गोपाळमामा


नांदुरा
१६ डिसेंबर २०२४

ती. मामा,

आधी महत्त्वाचं लिहिते. तुमच्या यंत्राचा अडॅप्टर, म्हणजे भिंतीच्या बोर्डात बसतो तो काळा डबा, पत्र वाचल्याबरोबर काढून ठेवा. यंत्राला काही करू नका. डबा फक्त बोर्डातून काढा. बटण बंद करून भागणार नाही.

झालं ते असं. धामणगाव बढ्याला प्रतीक्षा म्हणून मुलगी कॉम्प्युटरचे क्लास घेते. मुलांना दाखवायला तिने आपलं एक यंत्र घेतलं होतं. तिचा मेल आला की जळका वास येतोय. मी पान बघितलं तर तिचा ठिपका राखाडी होता. मेलवर उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून मी गेले. मोताळ्याला गाडी बदलली. स्टँडवर तिचे वडील घ्यायला आले होते. कडूबा त्यांचं नाव, भाजीपाला करतात. मोटारसायकलवर मेथीचं रिकामं पोतं अंथरून मला बसवलं.

क्लासची खोली म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. कडूबा म्हणाले, "ताई, यंत्राले काही नाही झालं. तुमचा हा डब्बा पाहा. भितीले चिकटून बसला."

डबा वितळून बोर्डावर ओघळला होता. वरती भिंत पिवळट काळी झाली होती. प्रतीक्षाची आई, गीताबाई, दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सकाळच्यापारी पोरं बसते इथं. काही झालं असतं मंग?"

मी म्हटलं, "सगळे परत मागवते."

"तुमचे मालक नाही आले ते?"

"ते वारले. ऑक्टोबरमध्ये."

त्या आत गेल्या आणि ताट वाढून आणलं. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. मी जेवले. जेवताना त्या माझ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तिखट नाही लागून राह्यलं का तुले?" ठेचा सगळा संपला होता. तिखट असणार. त्या बघत होत्या म्हणून मी पाणी प्यायले.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर हेच आहे. रडत नाही. डेंग्यू आहे, आठवड्यात ताप उतरेल, असं सगळे सांगत होते. अकोल्याच्या दवाखान्यातून आम्ही परत आलो तेव्हा घराची किल्ली कुठे ठेवली ते मला नीट आठवत होतं. तेव्हापासून मला सगळं नीट आठवतं, सगळं नीट करता येतं. एवढंच आहे.

घरी येऊन उरलेले अडॅप्टर खोलले. आतली तार बारीक आहे, जोड कच्चे आहेत. नेहमीच्या माणसाकडे माल नव्हता म्हणून सोहमने मार्चमध्ये दुसरीकडून मागवले होते. त्याने एक दिवसभर चालवून बघितला, तो नेमका चांगला निघाला. मार्चनंतर गेलेल्या प्रत्येक यंत्राबरोबर हेच गेले आहेत, तुमच्याकडेही. मी सगळ्यांना कळवलं आहे. नवे येईपर्यंत सगळ्यांनी बंद ठेवायचं.

काढल्यावर एक ओळ लिहा.

श्रद्धा


शेगाव
२१ डिसेंबर २०२४

चि. श्रद्धा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वर जाऊन डबा काढला. वायर गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली. यंत्रावर धूळ बसू नये म्हणून शकुंतलेचं एक जुनं पातळ फाडून त्याचा तुकडा झाकला. निश्चिंत राहा.

आता माझं ऐक. तुझं पत्र शकुंतलेने दिवसभरात तीनदा वाचलं. संध्याकाळी पाटीवर लिहिलं, "पोरगी दगड झाली." मी तिला दटावलं, पण मला स्वतःला दुसरा शब्द सापडला नाही. डब्यातली तार बारीक आहे हे तू एका पानात लिहितेस. ज्याने तो डबा आणला तो मुलगा गेला, हे दोन ओळींत. डब्याचं एवढं मनावर घेतेस, माणसाचं का नाही?

हे कठोर झालं असेल. पण मी लिहिलेलं खोडत नाही. मुलांनाही खोडू देत नव्हतो.

काही दिवस इकडे येऊन राहा. अण्णांनाही आण. काम थांबतं, त्याने काही बिघडत नाही.

तुझा
गोपाळमामा


नांदुरा
९ जानेवारी २०२५

ती. मामा,

पत्र मिळालं. तुम्ही लिहिलंत त्यात राग येण्यासारखं असेल. मला आला नाही, म्हणून तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मामी म्हणाल्या त्यातही चूक नाही.

अडॅप्टर परत यायला लागले आहेत. काहींनी यंत्रासकट पाठवलं, नको म्हणाले. खामगावच्या एका गृहस्थांनी लिहिलं की यंत्राच्या गरम हवेवर घरात पापड वाळतात, बंद कसं करू. त्यांना मी तीनदा फोन केला, तेव्हा काढलं. प्रतीक्षाला नवा डबा मी जाऊन बसवून आले. गीताबाईंनी या वेळी ठेचा वाढला नाही.

सोहमच्या नावाने मेल येणं कमी झालं आहे. माझी उत्तरं छोटी असतात, त्याची लांब असायची. एकाला त्याने थर्मल पेस्ट कशी लावायची हे लिहिता लिहिता पुरणपोळी कशी लाटतात तेही लिहिलं होतं. मी ते मेल वाचते, म्हणजे त्यात तांत्रिक काय सांगितलं आहे ते बघायला.

मामा, पानावर तुमच्या नावापुढे हिरवा ठिपका आहे.

तुमचं 'काढला' म्हणून पत्र आलं त्या दिवशीही होता. आज सकाळीही आहे. मी आधी पानच चुकत असेल म्हणून सगळं तपासलं. प्रतीक्षाचं यंत्र बंद केलं की तिचा ठिपका लगेच राखाडी होतो. पान बरोबर आहे.

नवा अडॅप्टर तुम्हाला सगळ्यांत आधी पाठवला होता, पार्सल पोचल्याची सही मामींची आहे. तो बसवा. जुना काढायचा, नवा लावायचा, यंत्र आपोआप चालू होतं. नसेल बसवायचा तर जुना निदान काढा.

मामींना मी हे फोनवर सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या तसल्या गुडघ्यांनी जिना चढतील. आणि खरं सांगायचं तर जास्त जोरही केला नाही. सकाळी पान उघडलं की तुमचं नाव वर असतं. हिरवं दिसतं. मग मी चहा ठेवते.

पण तो डबा चांगला नाही, मामा.

श्रद्धा


शेगाव
१७ जानेवारी २०२५

चि. श्रद्धा,

नांदुऱ्यात बसून तू माझ्या वरच्या खोलीत बघतेस हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पार्सल आलं आहे. सवडीने बदलतो. मी चाळीस वर्षं मशीन सांभाळल्या, कोणतं गरम होतं आणि कोणतं नाही हे मला हात लावून कळतं. रोज हात लावून बघतो. कोमट असतो. काळजी करू नको.

संक्रांतीचा तिळगूळ शकुंतलेने पाठवला आहे. अण्णांना दे.

गोपाळमामा


शेगाव
२० फेब्रुवारी २०२५

श्रद्धा पोरी,

हे पत्र मी लिहून राह्यली, तुही मामी. यायच्या, तुह्या मामाच्या, उजव्या हाताले पट्टी आहे, ते लिहू शकत नाही. म्हणतात, मी सांगतो तू लिही. पण मी आधी माह्यं लिहितो, मंग यायचं.

दवाखान्यातून परवा घरी आणलं. तळहात अन् बोटं भाजले. डॉक्टर म्हणे बोटं हालतीन, पण वेळ लागीन. दुसरं काही नाही. पदर तेवढा देवापुढं पसरला मी.

तुले सारं कोणी सांगितलंच नाही. तू दवाखान्यात आली तवा गर्दी होती, अन् तू काही विचारलंही नाही. म्हणून लिहितो. त्या दिवशी दुपारचं जेवण झालं अन् हे संध्याकाळच्या आधीच वर गेले. मी भांडे घासत होती. तुहा फोन आला. तू म्हणली, "मामा कुठे आहेत?" मी म्हटलं, वर. तू म्हणली, "कोणाला तरी वर पाठवा. आत्ता." तुह्या आवाजात काहीच नव्हतं, दूधवाल्याले सांगावं तसं तू बोलली. पण मी फोन टाकला अन् मोतीरामले हाका मारल्या. तो पळतच गेला. वरून ओरडला, "काकू, पाणी आणा." मले वाटलं, झालं सारं.

खिडकीचा पडदा पेटला होता. डब्ब्यातून धूर निघून राह्यला होता. यायनं तो डब्बा उघड्या हातानं ओढून काढला, अन् मंग त्याच हातानं पडदा विझवत होते. ऐकू येत नाही म्हणून चर्र आवाज झाला तोही कळला नाही, वास आला तवा उठले. मोतीरामनं चादर टाकून विझवलं. यंत्राले काही झालं नाही. टेबल जळला थोडा.

त्या यंत्राचा ठिपका गेला म्हणून तू फोन केला, असं मोतीरामले समजलं तवा तो पुन्हा वर जाऊन यंत्र पाहून आला.

यायले घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जिना चढली. बसत बसत चढली. सोहम कॉलेजले होता तवापासून मी ती खोली पाह्यली नव्हती. टेबलाच्या खणात तुवं पार्सल होतं, फोडलेलंही नाही. मी खाली आली अन् यायच्यापुढं ठेवलं. पाटीवर लिहून विचारलं, हे काऊन नाही लावलं?

तं म्हणे, लावायचं तं आधी ते बंद करा लागते. अन् बंद केलं अन् पुन्हा नाही लागलं तं?

मी पुन्हा लिहिलं, नाही लागलं तं नाही लागलं, लोखंडाचा तुकडा तो.

तवा यायनं सांगितलं. यायले पंखा ऐकू येत नाही म्हणून सोहमनं त्या पडद्यावर मोठ्या अक्षरात मराठी लिहून ठेवलं होतं. बाकी यंत्रावर आकडे येतात म्हणे. याच्यावर येते, 'मामा, मी चालू आहे.' हे रोज संध्याकाळी वर जाऊन तेच वाचत होते. मले म्हणे, "शकुंतला, जो मी चालू आहे म्हणते त्याले मी माह्या हातानं बंद कसा करू?"

मी पाटी पुसली. माह्यं पोटचं लेकरू नाही, पण चार वर्षं माह्या हातचं जेवला तो.

आता यायचं लिहितो. हे सांगून राह्यले, जसंच्या तसं लिही म्हणतात.

"चि. श्रद्धा, मी तुला खोटं लिहिलं. त्याची शिक्षा हाताला झाली, ती सोसतो. पण एक विनंती आहे. यंत्र एकदा बघून दे. परत चालू होतं का आणि पडद्यावर तीच अक्षरं येतात का, एवढंच. त्याचे शब्द आहेत, दुसरीकडे कुठे नाहीत."

हे मले लिहायचं नव्हतं. पण लिहिलं.

अन् माह्यी एक गोष्ट. तू दवाखान्यात आली, पट्टी पाह्यली, नर्सले औषध विचारलं, अन् मंग भितीकडं पाहत बसली. पाण्याचा घोट नाही घेतला. पाचच्या गाडीनं चालली गेली. मी रागावली नाही. पण पोरी, असं किती दिवस?

तुही
मामी


नांदुरा
२७ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

मामींचं पत्र वाचलं. मामींनीच हे तुम्हाला पाटीवर उतरवून दाखवावं किंवा तुम्ही डाव्या हातात धरून वाचावं, कसंही. पण सगळं वाचा.

ते शब्द सोहमचे नाहीत.

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही तुमचं यंत्र तयार केलं. आवाज कळणार नाही, तर मामांना ते चालू आहे की नाही हे कसं समजणार, असा प्रश्न होता. सोहम म्हणाला, मराठीत लिहू. पण त्या पडद्यावर मराठी अक्षरं आपोआप येत नाहीत. चौकटीचौकटींच्या कागदावर एकेक ठिपका भरून अक्षर काढावं लागतं, आणि मग तो कागद बघून यंत्रात तसंच घालावं लागतं. त्याने काढून बघितलं. त्याचा 'च' 'व'सारखा आला, आणि 'चालु' लिहिलं, ऱ्हस्व. मी म्हटलं, टायपिंगच्या सरांच्या घरी हे जाणार आहे, ऱ्हस्व लिहिलंस तर ते यंत्र परत पाठवतील. तो हसला आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्याच्या मनात नुसतं 'चालू आहे' होतं. 'मामा, मी' हे मी घातलं. नुसतं 'चालू आहे' कोरडं वाटत होतं. अक्षर माझं आहे, वाक्यही बरंचसं माझं आहे.

तुम्ही वर जाऊन रोज जे वाचत होतात ते मी लिहिलेलं होतं, मामा. आणि 'डबा काढा' हेही मीच लिहिलं होतं. ते तुम्ही ऐकलं नाहीत. एकदा नाही, दोनदा नाही ऐकलं. मला लिहिलंत की काढला, खणात ठेवला, वर पातळाचा तुकडा झाकला. तो तुकडा कशाला घातलात त्या पत्रात? नुसतं 'काढला' लिहिलं असतंत तरी मी विश्वास ठेवला असता.

मी त्या दिवशी पान उघडून बसले होते. तुमचं नाव राखाडी झालं. आपल्या कामात ठिपका राखाडी होणं म्हणजे काही नसतं, वीज जाते, वायफाय जातं, लोक झाडताना वायर काढतात. मला मात्र वितळलेला डबा आणि गीताबाईंचा चेहरा दिसला. मामींना फोन केला तेव्हा माझ्या आवाजात काही नव्हतं असं त्या लिहितात. नसेल. मला वाटलं होतं की आता अण्णांना शेजारच्या खोलीत जाऊन सांगायचं आहे, आणि ते कोणत्या शब्दांत सांगायचं ते मी ठरवत होते. एकदा सांगून झालेलं होतं ना, म्हणून शब्द तयार होते.

तुमचा हात बघितला तेव्हाही काही झालं नाही. गाडीत बसले, घरी आले, दुसऱ्या दिवशी काम केलं. रोज केलं. काल मामींचं पत्र आलं. मी एका यंत्राची तार जोडत होते. पत्र वाचलं, 'त्याचे शब्द आहेत' इथपर्यंत आले, आणि सोल्डरिंगची पेन्सिल खाली ठेवली. माझा हात थरथरत होता. मला आधी कळलं नाही की हे काय आहे.

अण्णा पेपर वाचत होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अण्णा, मला मामांचा राग आलाय."

त्यांनी पेपर खाली केला. त्याची घडी घातली. मग म्हणाले, "त्याचाही आला का?"

मी म्हटलं, "कोणाचा?"

"सोहमचा. मले तं रोज येते."

आला, मामा. तिथे उभ्या उभ्या आला. ताप असून पार्सलं बांधत बसला. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ, तर म्हणाला, हे एवढं पाठवू आणि जाऊ. त्यानेही नाही ऐकलं. तुम्ही दोघांनीही नाही ऐकलं. तो तुमच्याच घरचा. मी हे सगळं अण्णांपुढे मोठ्याने बोलले. किती मोठ्याने ते मला माहीत नाही. अण्णांनी मला बसवलं, आणि चहा त्यांनी केला. त्यांनी केलेला चहा फार गोड होता. पुढचं विचारू नका.

आता यंत्राचं. ते चालू होईल. डब्याने चिपचं सहसा काही बिघडत नाही. नवा अडॅप्टर मीच लावीन. पण ते वरच्या खोलीत राहणार नाही. खाली, मामींना दिसेल असं ठेवायचं. आणि ते वाक्य मी काढून टाकणार आहे. बाकीच्यांसारखं तुमच्याही पडद्यावर तापमान येईल. तुम्हाला ते आवडणार नाही, मला ठाऊक आहे. तुम्ही नाही म्हणाल आणि पाटीवर मोठमोठ्या अक्षरांत लिहाल. लिहा. मीही लिहीन.

अण्णा म्हणतात, "पत्रात कायले भांडतं? जाऊन भांड." म्हणून ९ तारखेला, रविवारी, सकाळच्या गाडीने येते आहे. अण्णाही बरोबर येत आहेत. मामींना सांगा, मी भांडायला येते आहे, आणि जेवायला थांबणार आहे.

श्रद्धा